खालच्या मजल्यावरची सासुरवाशीण

देवाचा निरोप घरोघर पोचवायला निघालेल्या माणसाला एक विद्या तरी यायलाच हवी: समोरच्याने दार लावायच्या आत आपलं घोडं पुढे दामटायची. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या त्या पोराइतका या विद्येत ढ माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल. मी विम्याचे एजंट पाहिले आहेत, गणपतीची वर्गणी मागणारे पाहिले आहेत, जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. ही सगळी मंडळी आपल्याला 'नाही' म्हणू देत नाहीत. हा पोरगा समोरच्याचं 'नाही' त्याच्या तोंडातून बाहेर यायच्या आत स्वतःच उचलून घ्यायचा. जपानी घरांना दाराबाहेर एक बटण आणि एक छोटा स्पीकर असतो. बटण दाबलं की आतून एखादी बाई अत्यंत गोड आवाजात 'नको' म्हणते. हा त्या स्पीकरची माफी मागायचा, वेळ दिल्याबद्दल त्याचे आभार मानायचा आणि कमरेत वाकून त्याला नमस्कार करायचा. एकदा वाकताना डोक्यावरचं सायकलचं हेल्मेट बटणावर आपटलं, बेल पुन्हा वाजली, बाई दार उघडून बाहेर आली, आणि दुसऱ्या माफीसाठी याला शब्दच सापडेनात. शेवटी त्या बाईनेच त्याची माफी मागितली आणि दार लावून घेतलं. हा प्रसंग त्याने मला मोठ्या अभिमानाने सांगितला, कारण त्या अख्ख्या दिवसात प्रत्यक्ष उघडलेलं दार ते एकच होतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पुण्यामुंबईची आमच्यासारखी पोरं तेव्हा टोकियोत घाऊक भावाने येत होती, आणि त्या लॉटमधला मी एक नग होतो. एका बँकेच्या ऑफिसात बसून मी दुसऱ्याच कुणी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचो. तिथे सगळे माझ्याकडे बघून हसायचे आणि मला काही सांगायचे नाहीत. टोकियोच्या कोतो भागात कंपनीने दोन खोल्यांचं घर दिलं होतं. ते एवढं लहान होतं की सकाळी फोडणी घातली की माझा ऑफिसचा कोट बँकेत दिवसभर हिंगाचा वास मारायचा. बायको पुण्यातली कॉलेजातली नोकरी सोडून आली होती. तिच्या व्हिसावर 'अवलंबित' असा शेरा होता. तो वाचल्यावर ती पुढे आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तो शेरा ती अजूनही विसरलेली नाही. आमची मुलगी चार वर्षांची होती, जपानी पाळणाघरात जात होती, आणि आम्ही मराठीत विचारलेल्या प्रश्नांना जपानीत उत्तरं द्यायला लागली होती.

आमच्या बरोबर खालच्या घरात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा प्रचार करायला दोन वर्षांसाठी आलेली दोन अमेरिकन मुलं राहायची. पांढरा शर्ट, टाय, सायकल, आणि छातीवर काळी पाटी. पाटीवर आडनावाआधी 'एल्डर' लिहिलेलं, म्हणजे ज्येष्ठ. त्यांतला एक ज्येष्ठ एकवीस वर्षांचा होता आणि दुसरा एकोणीस. एकोणीसवाला आयडाहो नावाच्या राज्यातून, गाई पाळणाऱ्या घरातून नुकताच आला होता आणि एकवीसवाला त्याला तयार करत होता. त्यांची आडनावं आमच्या घरात कुणाच्या जिभेवर बसली नाहीत. बायकोने पहिल्याच आठवड्यात एकाला थोरला आणि दुसऱ्याला धाकटा करून टाकलं, आणि तेच राहिलं.

स्पीकरला नमस्कार करणारा तो हा धाकटा. त्याची पहिली ओळख आवाजाने झाली. सकाळी साडेसहाला उठून, बाल्कनीत उभं राहून तो जपानी वाक्यं पाठ करायचा. 'आम्ही एक आनंदाची बातमी घेऊन आलो आहोत,' हे वाक्य तो इतक्या पडेल आवाजात म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा कुणाच्या तरी जाण्याची खबर घेऊन आला आहे. आतून थोरल्याचा आवाज यायचा, "पुन्हा." हा पुन्हा म्हणायचा. वरच्या बाल्कनीत बायको कपडे वाळत घालत असायची. तिला जपानी येत नव्हतं, पण ते वाक्य तिला सगळ्यात आधी पाठ झालं. मुलीला तर इतकं पाठ झालं की एके दिवशी पाळणाघरात शिरताना तिने बाईंना वाकून ते अख्खं म्हणून दाखवलं. संध्याकाळी बाईंनी मला बाजूला घेऊन, फार अदबीने, घरात दुसरं बाळ येणार आहे का असं विचारलं.

मग एका शनिवारी दोघे आमच्याच दारात आले. जपानी बायका स्पीकरमधून 'नको' म्हणतात. माझ्या बायकोने दार सताड उघडून "या, बसा," म्हटलं आणि आत जाऊन चहा ठेवला. धाकट्याने आजवर पाठ केलेल्या वाक्यांत दार उघडल्यानंतरचं एकही वाक्य नव्हतं. तो बूट काढून बसला आणि घाबरून माझ्याकडे बघत राहिला. चहा आला. थोरला नम्रपणे म्हणाला, "आम्ही चहा घेत नाही." बायकोने कॉफीचं विचारलं. कॉफीही घेत नाहीत. आमच्या घरी आलेल्या माणसाने चहाही घेतला नाही आणि कॉफीही घेतली नाही, तर त्याचं आमच्याशी काही तरी बिनसलंय असाच अर्थ होतो. बायकोचा चेहरा उतरला. "मग पिता तरी काय?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता जिरं, मीठ, आलं, कोथिंबीर घातलेलं ताक आणून आपटलं. थोरल्याने वास घेऊन पेला खाली ठेवला. धाकट्याने एका दमात संपवला, ओठावरची पांढरी मिशी पुसली आणि आल्यापासून पहिल्यांदा हसला. म्हणाला, "माझी आजी लोणी काढल्यावर हे आम्हाला द्यायची. त्यात हे हिरवं नसायचं." त्या दिवसापासून तो बायकोला ताई-सान म्हणायला लागला. 'ताई म्हण' असं तिने सांगितलं होतं आणि 'सान' लावल्याशिवाय कुणाला हाक मारायची नाही असं थोरल्याने. त्याने दोघांचं ऐकलं. तो नेहमीच सगळ्यांचं ऐकायचा, हीच त्याची मुख्य अडचण होती. निघताना त्याने 'जातो'चं मराठी विचारलं, तेव्हा बायकोने बजावलं, "जातो म्हणायचं नाही. येतो म्हणायचं." तेही त्याने ऐकलं.

त्यांनी आम्हाला त्यांचा धर्मग्रंथ दिला. पुढच्या खेपेला आले तेव्हा तो देव्हाऱ्यात, गणपतीच्या शेजारी होता, आणि त्याला हळदकुंकू वाहून वर एक फूल ठेवलेलं होतं. थोरल्याने घसा साफ करून समजावून सांगितलं, की हे पूजेसाठी नाही, वाचण्यासाठी आहे. "देवाचं पुस्तक खाली कुठे ठेवणार?" बायको म्हणाली. "आणि आमची पोथीसुद्धा आम्ही कुठे रोज वाचतो?" धाकटा मात्र हरखून गेला होता. इतक्या सायकली मारल्या, इतकी दारं वाजवली, पण कुणी त्याचं पुस्तक घेऊन त्याला हळदकुंकू वाहिलं नव्हतं. ही गोष्ट त्याने त्या आठवड्याच्या ईमेलमध्ये घरीसुद्धा कळवली.

त्याच्या या ऐकण्याच्या सवयीची कमाल झाली ती नारळावरून. जपानमध्ये कचरा चार तऱ्हेचा, त्याचे वार ठरलेले, आणि त्यात चूक करण्यापेक्षा चोरी केलेली परवडते. नारळाची करवंटी जळणाऱ्या कचऱ्यात मोडते की न जळणाऱ्या, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद चालला होता. शेवटी बायकोने ती टाकली आणि इमारतीची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी ती पिशवी हातात धरून खालच्या मजल्यापासून चौकशी सुरू केली. धाकट्याने दार उघडलं, पिशवी बघितली, करवंटी ओळखली आणि सांगून टाकलं की माझीच आहे. बाईंनी त्याला पाव तास उभा करून झापला. मी जिन्यातून उतरत होतो. म्हटलं, "अरे, तू कशाला आमचं पाप अंगावर घेतलंस?" त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. म्हणाला, "इतका वेळ माझ्याशी कुणी जपानीत बोललंच नव्हतं."

मी हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, ती हसली नाही. ती कणीक मळत होती. म्हणाली, "अरे, तुझ्या लक्षात येतंय का, हा मुलगा सासरी आलाय."

एकदा तिने म्हटल्यावर मला दुसरं काही दिसेना. नवं नाव मिळालं होतं, नवे कपडे मिळाले होते. पहाटे उठायचं, थोरल्या जावेच्या हाताखाली शिकायचं, तिने 'पुन्हा' म्हटलं की पुन्हा करायचं. एकट्याने कुठे जायचं नाही. त्यांचा नियमच होता की सोबत्याने सोबत्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही, न्हाणीघरापुरती काय ती सूट. माहेरी आठवड्यातून एकदा पत्र, तेही ईमेलने. फोन फक्त सणावाराला, म्हणजे नाताळात आणि मातृदिनाला. असं दोन वर्षं. बायको म्हणाली, "मला निदान मंगळसूत्र तरी घातलं होतं." मला ते लागलं. माझ्या ऑफिसातही वेगळं काय चाललं होतं? पुण्याहून नवीन पोरगा आला की आमचे मॅनेजर त्याला पहिल्या दिवशी एकच मंत्र द्यायचे: क्लायंटला नाही म्हणायचं नाही. पोरं मान डोलवायची, कमरेत वाकायला शिकायची, आणि वर्षभराने नव्या पोरांना तोच मंत्र द्यायची. याला जगात तयार होणं म्हणतात. मला तो शब्द तेव्हाही आवडत नव्हता.

पुढे दोघे दर आठवड्याला एकदा संध्याकाळी आमच्याकडे जेवायला यायला लागले. आठ वाजत आले की धाकट्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जायची. म्हणायचा, "आत्ता घरी पहाट आहे. आई गोठ्यातले दिवे लावत असेल." थोरला म्हणायचा, "जेव." हा जेवायचा. पण घास तोंडात तसाच फिरत राहायचा. दिवसेंदिवस तो वाळत चालला होता. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. एकदा थोरला मुलीला कागदाचं विमान करून दाखवत होता, तेव्हा धाकटा ताटली ठेवायला स्वयंपाकघरात आला आणि बायकोच्या पाठीशी उभा राहून म्हणाला, "ताई-सान, मला घरी जायचंय." मी दोन पावलांवर होतो, मला ऐकू आलं. एवढ्याशा घरात गुपित ठेवायला जागाच नव्हती.

बायकोने विचारलं, "मग जा की. अडवलंय कुणी?"

अडवलं कुणीच नव्हतं. तिकीटसुद्धा काढून देतात म्हणाला. पण त्याच्या घरच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर दोन फोटो होते, दोघा थोरल्या भावांचे, कोटातले, पाटी लावलेले. दोघेही दोन-दोन वर्षं पुरी करून आलेले. त्यांच्या शेजारी वडिलांनी याच्यासाठी तिसरा खिळा ठोकून ठेवला होता. त्यांच्या गावात एक मुलगा असाच चार महिन्यांत परत आला होता. त्याला कुणी काही बोललं नाही. तो दुकानात शिरला की माणसं नुसता आवाज खाली करायची. धाकटा म्हणाला, "आईला एकदा विचारायला हवं. ती ये म्हणाली तर मी उद्या निघेन. ईमेलमध्ये असलं लिहिता येत नाही." नाताळ अजून लांब होता.

बायको त्या रात्री मला म्हणाली, "परत आलेल्या मुलीला आपल्याकडे कोण काय बोलतं? कुणी नाही. आवाजच खाली करतात." मग दिवा मालवल्यावर म्हणाली, "आपण इथे आल्यावर पहिल्या महिन्यात मी आईला रडत फोन केला होता. तू ऑफिसात होतास. आई म्हणाली, दिल्या घरी रमायचं असतं. आणि म्हणाली, लोकांना काय सांगू?" हे ती मला पहिल्यांदाच सांगत होती. "पण याची आई अमेरिकेतली आहे," ती म्हणाली. "ती असं नाही म्हणणार."

पुढच्या आठवड्यात आठाच्या सुमाराला थोरला उठून बाथरूममध्ये गेला. आत नळ सुरू झाला. बायकोने जेवणाच्या टेबलावर फोन आणून ठेवला. भारतात फोन करायला आम्ही स्टेशनाजवळच्या दुकानातून कार्डं आणायचो. नखाने खरवडलं की खाली नंबर असतो. तिने एक कोरं कार्ड आधीच खरवडून ठेवलं होतं.

"आई उठली असेल ना आत्ता?"

"गोठ्यात असेल. तिथेही फोन आहे. पण ताई-सान, नियम आहे."

"नियम तुला. मला नाही. मी लावते, तू नंबर सांग."

त्याने पाढा म्हणावा तसा नंबर सांगितला. आमच्या फोनचा आवाज असा फुटका होता की एकाच्या कानाला लावलेलं सगळ्या घराला ऐकू जायचं. पलीकडे दूध काढायच्या यंत्राची घरघर, एका गाईचं हंबरणं, आणि मग आईचा आवाज आला. हा म्हणाला, "मॉम." तिने घाईघाईने विचारलं, "तुला लागलंय का? आजारी आहेस का?"

"नाही."

"मग फोन कसा केलास?"

"मला घरी यायचंय."

पलीकडे नुसतं यंत्र. मग ती म्हणाली, "तुझा सोबती कुठे आहे?"

"बाथरूममध्ये."

"त्याला माहीत नाही?"

"नाही."

"मग तो बाहेर यायच्या आत फोन ठेव, बाळा. मी डॅडना काही सांगणार नाही, कुणालाच सांगणार नाही. सुरुवातीला सगळ्यांचं असं होतं. लागेल मन. मी तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते." तिचा आवाज फाटला. "आपण लोकांना काय सांगायचं? ठेव आता."

त्याने ठेवला. तो रडला असता तर बरं झालं असतं. त्याने फोनची वायर सरळ केली, फोन होता तिथे नेऊन ठेवला आणि येऊन बसला. बायको त्याच्यासमोर उभी होती. ती माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाली, "मला वाटलं होतं, तिकडच्या आया वेगळ्या असतील." मला त्या न पाहिलेल्या बाईचा असा संताप आला, की तो कुणावर काढावा ते समजेना. आणि तीही बिचारी त्या क्षणी गोठ्यात उभी राहून रडतच असणार, हे कळत होतं म्हणून तर तो जास्तच आला.

नळ अजून चालू होता. बराच वेळ चालू होता. मग बंद झाला, थोरला बाहेर आला, घड्याळ बघून म्हणाला, "निघायला हवं." निरोप घेताना त्याने माझ्याशी हात मिळवला. हात कोरडा होता. टॉवेल त्या दिवशी बाथरूममध्ये नव्हताच. बायकोने धुवायला काढला होता. म्हणजे इतका वेळ नळ सोडून हा माणूस हात न धुता नुसता आत उभा होता. सोबत्याला नजरेआड न करण्याच्या नियमात जेवढी फट होती, तेवढी त्याने स्वतःच्या अंगाने उघडी धरली होती. आम्ही ज्याला कजाग जाऊ समजत होतो तो हा. दार लावल्यावर बायको म्हणाली, "त्याने कुणाला केला असेल रे फोन, तो नवीन होता तेव्हा?" मला काय माहीत असणार.

त्यानंतर धाकटा सुधारला. लोक ज्याला सुधारणं म्हणतात तसा. सकाळचा आवाज खणखणीत झाला, थोरल्याचं 'पुन्हा' ऐकू येईनासं झालं. आनंदाची बातमी आता खरोखर आनंदाची वाटायला लागली. एका संध्याकाळी जेवण झाल्यावर त्याने आम्हा दोघांसमोर त्याचा अख्खा उपदेश, एकदाही न अडखळता, एकदाही माफी न मागता म्हणून दाखवला आणि शेवटी विचारलं, की यावर तुमचं काय मत आहे. बायको म्हणाली, "विचार करू." पूर्वी एवढ्यावर त्याने आभार मानून ताक मागितलं असतं. आता त्याने हसून विचारलं, "कधी?" त्या 'कधी'ला आमच्या मॅनेजरच्या आवाजाचा वास होता. थोरला त्याच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला अभिमान दिसला नाही. पोरगा तयार झाला होता. पुढच्या महिन्यात त्याची उत्तरेकडच्या दुसऱ्या गावी बदली झाली. दोन बॅगा घेऊन, जिन्यातल्या जिन्यात, घाईने निरोप घेतला. देखभालीच्या म्हाताऱ्या बाई मात्र त्याला पोचवायला सायकलीवरून स्टेशनापर्यंत गेल्या. आपण ज्याला झापतो त्याच्यावर आपला जीव जडतो, हे त्यांना बहुधा उशिरा कळलं.

वर्ष उलटून गेल्यावर एका संध्याकाळी आमची बेल वाजली, एकदाच, पण ठाम. दारात धाकटा होता, बदली होऊन पुन्हा टोकियोत आलेला. खांदे भरले होते, केस बारीक केले होते, आणि त्याच्यामागे लाल कानांचा, नवीकोरी पाटी लावलेला एक पोरगा उभा होता. आमच्या मुलीने त्याला ओळखून जपानीत काही तरी विचारलं आणि त्याने तितक्याच सफाईने जपानीत उत्तर दिलं. मग बायकोकडे वळून वाकला. "ओकुसान, थोडा वेळ आहे का?"

ओकुसान म्हणजे बाईसाहेब. भाजीवालाही तिला तेच म्हणायचा. बायको आत गेली.

दोघे बसले. ताक आलं. नवा पेल्याकडे संशयाने बघायला लागला, तसा हा हलक्या आवाजात म्हणाला, "पी. नाही म्हणायचं नाही." त्याचा टाय सरळ केला. नव्याने आनंदाची बातमी सांगायला सुरुवात केली आणि तिसऱ्या शब्दाला अडखळला. हा म्हणाला, "पुन्हा." मी आपल्या हाताच्या मुठी टेबलाखाली घेतल्या. करवंटीचं पाप हसत अंगावर घेणारा तो पोरगा कुठे गेला, हे विचारावंसं वाटत होतं. पण सुनेची सासू होते तेव्हा सून कुठे जाते, हे आजवर कुणी कुणाला विचारलंय?

आठ वाजत आले. हा घड्याळाकडे न बघताच उठला. "बाथरूम वापरू का?" म्हणाला, आणि विचारल्यासारखं करून सवयीने आत गेला. नळ सुरू झाला.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मग तिने फोन आणून नव्यासमोर ठेवला. "आईला करायचाय? कर. तो इतक्यात नाही येणार बाहेर."

नव्याने हात मागे घेतले. "नको. नियम आहे." मग आम्हाला वाईट वाटू नये म्हणून घाईने म्हणाला, "मी ठीक आहे. खरंच." खरं असेलही. सगळ्याच सुना काही रडत नाहीत. तो सरळ पाठीने बसून राहिला, आम्ही त्याच्यासमोर बसून राहिलो, आणि आत नळ वाहत राहिला. शेवटी बायकोनेच हाक मारली, "अरे, ये आता बाहेर."

तो आला. हात कोरडे. त्याने टेबलावरचा फोन बघितला, नव्याकडे बघितलं, आणि काय झालं नाही ते त्याला समजलं. त्याची नजर फोनवरून निघेना. बायकोने एक क्षणच विचार केला. मग ती नव्याला म्हणाली, "तुझ्या हाताला ताक लागलंय. जा, धुऊन ये." त्याच्या हाताला काही लागलं नव्हतं. पण नवाही सगळ्यांचं ऐकणाऱ्यांतलाच होता. तो उठून गेला.

आता हा एकटा होता. बायकोने फोन त्याच्याकडे सरकवला. "कर."

"नको, ताई-सान," तो म्हणाला. "ती काय म्हणेल ते मला माहीत आहे." मग त्याने विचारलं, "अजून थोडं ताक आहे?"

तिने पेला भरून दिला. त्याने उभ्यानेच, एका दमात संपवला आणि ओठावरची मिशी मनगटाने पुसली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाला, "दिवे लागले असतील." बायकोने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. बारीक कापलेले केस तिच्या तळव्याला टोचले असतील. तो म्हणाला, "येतो." एवढं मराठी त्याच्याकडे शिल्लक होतं.

तेवढ्यात नवा बाहेर आलाच. त्याचे हात ओले होते. तो खरोखरच हात धुऊन आला होता; नळ किती वेळ वाहू द्यायचा, हे त्याला अजून कुणी शिकवलं नव्हतं.